कचेरी नसलेला स्थपति

उद्यानरचनेस स्वतंत्र शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून देणारे अमेरिकेंतील अग्रणी फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनीं १८८३ सालीं ब्रुकलाइन गांवीं एक जुनें शेतघर विकत घेतलें. तेंच त्यांचें राहतें घर व तीच कचेरी. तेथील सरकारनें तें लक्षाहून अधिक नकाशांसह जतन केलें आहे. असें एखादें स्थान आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर आहे काय ?

या प्रश्नाबरोबर नारी गांधी (१९३४–१९९३) यांचें स्मरण होतें. मुंबईच्या जे. जे. संस्थेंत शिकून ते फ्रँक लॉइड राइट यांच्या टॅलिएसिन येथील गुरुकुलांत सुमारें पांच वर्षें राहिले. परत आल्यावर त्यांनीं कचेरी थाटली नाहीं, कीं नकाशांचा पसारा मांडला नाहीं. जागेचा उतार, वारा व झाडें न्याहाळावीं आणि गवंडी-सुतारांसमवेत राहून घर उभें करावें, ही त्यांची रीत. आमच्या वास्तुशास्त्रांत स्थपति, सूत्रग्राही, तक्षक व वर्धकि असे चार कारागीर सांगितले आहेत. येथें स्थपतीनेंच सूत्रहि हातीं धरिलें होतें.

रेवदंड्यास त्यांच्या हातचें एक घर आहे. तें खासगी, म्हणून आम्हीं त्या गांवच्या वाड्यांतून हिंडूनच समाधान मानिलें. माडाखालीं पोफळ, पोफळीवर मिरवेल, मधून पाण्याचा पाट. ही पिढ्यान्‌पिढ्यांची उद्यानरचनाच नव्हे काय? तिचाहि नकाशा कोठें नाहीं.

नेमकी येथेंच चिंता आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानें या किनाऱ्यावरील माड-पोफळी अक्षरशः आडव्या केल्या. माड फळास येण्यास सहा-सात वर्षें लागतात. तेवढा धीर नसलेला मालक वाडी विकून मोकळा होतो. ओल्मस्टेड यांची बाग नष्ट झाली तरी कागदावरून पुन्हां उभारतां येईल. जेथें कागदच नाहीं तेथें घर आणि झाड हाच एकमेव दस्तऐवज !

यास्तव वाडीवाल्या बंधुभगिनींस आमची विनंति इतकीच : जुनें घर पाडण्यापूर्वीं त्याचें मोजमाप घ्यावें, छायाचित्रें काढावीं, हयात गवंड्यांस विचारून घडणीची हकीकत लिहून ठेवावी, आणि पडलेल्या माडाच्या जागीं माडच लावावा.