आपट्याचे पान आणि आल्प्सचे गवत

आमच्या भडगावात आगगाडी येत नाही. गाडी धरायची तर कजगाव, पाचोरा, नाही तर चाळीसगाव गाठावे लागते. तरीही हिरव्यागार डोंगरातून वळणे घेत जाणारी स्वित्झर्लंडची आगगाडी गावातल्या पोरासोरांनाही ओळखीची आहे. ही किमया अर्थातच चित्रपटाची!

'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' हा चित्रपट २० ऑक्टोबर १९९५ रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर झळकला. मुंबईच्या मराठा मंदिर चित्रगृहात तो त्या दिवशी लागला आणि करोनाच्या काळातला खंड सोडला तर तिथे त्याने २०२५ साली तीस वर्षे पुरी केली. आमच्याकडे तो यायला थोडे दिवस लागले. मी तेव्हा शाळकरी मुलगा. आई, शेजारच्या दोन काकू आणि मी असे एस.टी.ने चाळीसगावला गेलो व तिथे तो पाहिला.

पडद्यावर नायक-नायिका डोंगरउतारावरून गात चालली होती. थेटरात सगळे त्यांच्याकडे पाहत होते. आई मात्र माझ्या कानाशी लागून हळूच म्हणाली, "इतलं गवत कोन कापस रे?"

एवढे गवत कापते कोण? मला हसू आले. शेजारच्या काकूही पदराआड हसल्या. पण त्याच्या आदल्या उन्हाळ्यात गिरणेचे पात्र कोरडे पडले होते आणि चाऱ्यावाचून आमची दुभती गाय विकावी लागली होती. दावणीला मोकळा दोर लोंबत होता, तो आईने कितीतरी दिवस सोडला नव्हता. हे मला त्या हसण्याच्या भरात आठवले नाही. आठवले ते फार उशिरा.

खरे म्हणजे परदेश पडद्यावर येण्याची गोष्ट याहून जुनी आहे. राज कपूर यांनी 'संगम'मधून १९६४ साली व्हेनिस, पॅरिस आणि स्वित्झर्लंड दाखवले. पाठोपाठ 'लव्ह इन टोकियो' आणि 'ॲन इव्हनिंग इन पॅरिस' आले. पण त्या काळी परदेशगमनासाठी हाती मोजकेच परकीय चलन मिळे. मध्यमवर्गीय माणसाने 'अपूर्वाई' वाचावी, तिकीट काढून 'संगम' पाहावा आणि लोकल गाडीने घरी यावे! बर्फाची हौस फिटायची ती फार तर काश्मीरला, आणि नायकही तिथेच शिकाऱ्यात बसून गात असत.

१९८९ पासून काश्मीर पेटले आणि तिथले चित्रीकरण जवळजवळ थांबले. त्याच वर्षी यश चोप्रा यांच्या 'चांदनी'त आल्प्सचे डोंगर दिसले. ज्या काश्मीरला आपण 'भारताचे स्वित्झर्लंड' म्हणत होतो, त्याच्याऐवजी आता खुद्द स्वित्झर्लंड उभे राहिले. पुढे देशाची आर्थिक दारे उघडली, परकीय चलन मिळू लागले, सहल कंपन्या गावोगाव जाहिराती करू लागल्या. प्रेक्षकाला पडद्यावरून उठून थेट विमानात बसता येऊ लागले. स्विस लोकांनीही हे उपकार ओळखले. २०१६ साली इंटरलाकेन गावात यश चोप्रांचा पुतळा उभा राहिला. लाउएनेन नावाच्या त्यांच्या आवडत्या तळ्याला तर आपली मंडळी 'चोप्रा लेक'च म्हणतात.

असे वेड आपल्यालाच लागते असे नाही. १९५३ च्या 'रोमन हॉलिडे'ने जगाला रोमच्या गल्ल्यांतून स्कूटरवर फिरवले. १९६५ च्या 'साउंड ऑफ म्युझिक'पायी आजही माणसे साल्झबर्गला जातात. गंमत अशी की, चित्रपटाच्या शेवटी ते कुटुंब डोंगर ओलांडून स्वित्झर्लंडला निघते. पण साल्झबर्गलगतचा तो डोंगर ओलांडला तर माणूस पोचेल जर्मनीत, म्हणजे ज्यांच्यापासून पळायचे त्यांच्याच दारात! 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'साठी न्यूझीलंडमधल्या माटामाटा गावाजवळच्या एका शेतात बुटक्या माणसांचे गाव उभारले होते. ते पाहायला आज रीतसर तिकीट आहे. आणि २०११ च्या 'जिंदगी ना मिलेगी दोबारा'नंतर आमच्या महाविद्यालयातली मुले ब्युनॉलच्या टोमॅटोच्या खेळाची वर्णने अशी करू लागली, की जणू ते गाव पारोळ्याच्या पलीकडेच आहे!

पडद्यावरचे हे गाव कुठे असते? आमच्या चाळीसगावचे थोर छायाचित्रकार केकी मूस याचा विचार करायला लावतात. तरुणपणी इंग्लंडात शिकून, जग पाहून हा गृहस्थ घरी परतला आणि १९८९ साली मृत्यू येईपर्यंत सुमारे पन्नास वर्षे जवळजवळ घराबाहेरच पडला नाही. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून तो देखावे उभे करी आणि त्यांची छायाचित्रे घेई. पाहणाऱ्याला वाटावे, कुठल्या दूरदेशीचे हे दृश्य! असतील मात्र ती चाळीसगावच्या एका खोलीतली.

असो. २०१८ च्या जून महिन्यात मी भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढली. पैसे घराच्या छपरासाठी ठेवलेले होते. सौ.च म्हणाली, "छप्पर आणखी एक पावसाळा काढील. आईंचे गुडघे काढतील का?" मग आम्ही तिघे एका सहलीबरोबर निघालो.

युंगफ्राउयोखला जाणारी दातेरी रुळांची गाडी १९१२ साली पूर्ण झाली. आयगर पर्वताच्या पोटातून ती वर चढते आणि ३४५४ मीटर उंचीवर नेऊन सोडते. आम्ही पोचलो तेव्हा वर दाट धुके होते. समोर पांढऱ्या पडद्याखेरीज काही दिसेना. सहलीतली जोडपी तशातही हात पसरून छायाचित्रे काढून घेत होती. सौ.ने बर्फाचा गोळा करून माझ्या पाठीत मारला. ती किती वर्षांची हौस होती ते मला त्या दिवशी कळले. आई आत बाकावर शाल गुंडाळून बसली होती. छपराचे पैसे धुक्यात गेले, असे माझ्या मनात येऊन गेले.

दुसऱ्या दिवशी लाउटरब्रुनेनच्या खोऱ्यात बस थांबली. उतारावर एक म्हातारा लांब दांड्याच्या विळ्याने गवत कापत होता. त्याची म्हातारी मागून दाताळ्याने ते पसरत होती. आई बसमधून उतरली आणि सरळ कुंपणापाशी गेली. मी मागे धावलो. तिने खुणेने विचारले, त्यानेही खुणेनेच उत्तर दिले: हे वाळवायचे, गोठ्यात भरायचे, हिवाळाभर पुरवायचे. दोघांना एकमेकांचा शब्द कळत नव्हता, पण दुभाष्याची गरज कुणालाच पडली नाही. आईने मूठभर गवत उचलून हुंगले. पलीकडे गळ्यात मोठी घंटा बांधलेली गाय रवंथ करीत उभी होती. पोळ्याच्या दिवशी आमच्या गल्लीत वाजतो तसाच तो आवाज. आई वळून म्हणाली, "आठे बी गायच शे, भाऊ!"

बावीस वर्षांपूर्वीच्या तिच्या प्रश्नाचे उत्तर तिला मिळाले होते. मला वाटते, चित्रपट सर्वांना एकच देश दाखवतो. पण तिकीट काढून जाताना जो तो आपापली उणीव बरोबर नेतो. सौ.ला बर्फ हवा होता. आईला भरलेली गव्हाण पाहायची होती.

परतीच्या विमानात मी तिला एक गंमत सांगितली. त्या चित्रपटाच्या शेवटी नायिका धावत जाऊन गाडी पकडते, ते पंजाबातले स्टेशन पंजाबात नाहीच. ते आहे आपल्या रायगड जिल्ह्यात, पनवेलच्या पुढे. आणि पंजाबची म्हणून दाखवलेली पिवळीधमक मोहरीची शेते हरियाणात, गुरगावकडची. आई म्हणाली, "मग ते स्टेशन बी पाहू."

पुढच्या दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही तिथे गेलो. साधा फलाट, मागे डोंगर, चार उतारू. आई बाकावर बसून फलाटावरची नावाची पाटी हळूहळू लावीत होती. पाटीवर नाव होते 'आपटा'.

ती हसली. दसऱ्याला साधे पान हातावर ठेवून आपण म्हणतो, घ्या सोने! देणाराही जाणतो, घेणाराही जाणतो, तरी दोघांचे हात आदराने पुढे होतात. तिने पिशवीतून घरून आणलेले आपट्याचे पान काढले, माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाली, "छपराचं पाहा आता."

छप्पर आम्ही त्या दिवाळीनंतर केले.