परार्ध, दर सेकंदाला

कुंभकोणमला सारंगपाणीच्या देवळासमोरच्या रस्त्यावर एक बैठं कौलारू घर आहे. पुढे ओटा, रस्त्याकडे उघडणारी खिडकी आणि खिडकीला लागून खाट. श्रीनिवास रामानुजन या घरात वाढले. वडील कापडाच्या दुकानात कारकून, त्यामुळे कागद परवडायचा नाही. म्हणून गणितं पाटीवर, आणि फडकं शोधण्यात वेळ जायला नको म्हणून पुसायचं कोपराने. घासून घासून कोपर काळं पडलं होतं. वहीत उतरायचं ते फक्त शेवटचं उत्तर.

चीनच्या तंत्रज्ञानाचे आकडे हल्ली रोज अंगावर येतात. ते वाचताना मला हे घर आठवतं, आणि त्याला कारण आहे एक अपूर्णांक.

११३३५५ असं लिहा. मधोमध तोडा. आता ३५५ ला ११३ ने भागा. उत्तर ३.१४१५९२९ च्या आसपास येतं, म्हणजे ‘पाय’ सहा दशांश स्थळांपर्यंत बिनचूक. शाळेतला २२/७ तिसऱ्या स्थळालाच घसरतो. १९१३ साली रामानुजन यांनी नुसती पट्टी आणि कंपास घेऊन वर्तुळाएवढ्या क्षेत्रफळाचा चौरस काढायची एक रीत ‘इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’च्या नियतकालिकात छापली. (या सोसायटीचं ग्रंथालय तेव्हा आपल्या पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजात होतं.) त्या रीतीच्या पोटात हाच अपूर्णांक आहे. चूक किती, तेही त्यांनी सांगून ठेवलं: वर्तुळ १,४०,००० चौरस मैलांचं असेल, तर चौरसाची बाजू खऱ्यापेक्षा सुमारे एक इंचाने जास्त भरेल. अख्खा महाराष्ट्र सुमारे १,१९,००० चौरस मैलांचा. म्हणजे महाराष्ट्राहून मोठा चौरस, पावणेचारशे मैलांची बाजू, आणि चूक अंगठ्याच्या पेराएवढी.

हा अपूर्णांक चीनमध्ये आधीच सापडला होता. झू चोंगझी (४२९–५००) या गणितज्ञाने ‘पाय’ला ३.१४१५९२६ आणि ३.१४१५९२७ यांच्यामध्ये कोंडलं. त्याची रीत सांगणारा ग्रंथ हरवला, पण त्याच्यापेक्षा अचूक ‘पाय’ काढायला जगाला पुढची सुमारे नऊशे वर्षं लागली.

आज चीनच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठातल्या क्वांटम संगणकाचं नाव आहे ‘झू चोंगझी’. त्याची तिसरी आवृत्ती १०५ क्यूबिटची. तिच्याबद्दलचा शोधनिबंध मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. दावा असा, की या यंत्राने काहीशे सेकंदांत उरकलेलं काम अमेरिकेच्या ‘फ्रंटियर’ महासंगणकाला करायचं तर सुमारे सहा अब्ज वर्षं लागतील. पृथ्वीचं वय साडेचार अब्ज वर्षं. इथे वाचकाने थांबून कॉफी घ्यावी, कुंभकोणमची डिग्री कॉफी, पितळी पेल्यातून वाटीत उंचावरून ओतलेली.

कॉफी एवढ्यासाठी, की अशा आकड्यांना थोडं निवू द्यावं लागतं. गूगलच्या क्वांटम यंत्राने २०१९ मध्ये असाच दावा केला होता: आमची २०० सेकंदं म्हणजे महासंगणकाची दहा हजार वर्षं. पुढे चिनी विज्ञान अकादमीच्या संशोधकांनी तेच काम ५१२ ग्राफिक्स चिप लावून पंधरा तासांत करून दाखवलं. दहा हजार वर्षांचे पंधरा तास झाले ते मुख्यतः हिशेबाची रीत बदलल्यामुळे. शिवाय हे काम मुद्दाम यंत्राला सोयीचं निवडलेलं असतं. त्यातून ना औषध निघतं, ना हवामानाचा अंदाज. त्यामुळे सहा अब्ज वर्षांवर मी तूर्त पेन्सिलीनेच खूण करतो.

रीत काय करते, ते ‘पाय’च्या विक्रमांतही दिसतं. जून २०२४ मध्ये ‘पाय’चे २०२ लाख कोटी अंक काढले गेले. सेकंदाला एक या वेगाने ते म्हणून दाखवायचे तर चौसष्ट लाख वर्षं लागतील. ज्या सूत्राने ते काढले, ते चुडनोव्हस्की बंधूंचं, पण त्याचं मूळ रामानुजन यांच्या १९१४ च्या निबंधात आहे. रामानुजन यांच्या सूत्रातलं प्रत्येक पद आठ नवे अंक पदरात टाकतं, चुडनोव्हस्कींचं चौदा.

आता शाईने लिहावा असा आकडा. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखामुळे ज्यांचं घराणं आपल्याला ठाऊक आहे, त्या भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त अठरा स्थानं दिली आहेत. एकं, दहं, शतं करत शेवटी परार्ध: एकावर सतरा शून्यं. आठशे वर्षं हा शब्द पाठांतरापुरताच होता, कारण मोजायला तेवढं काही नव्हतंच. जून २०१६ मध्ये चीनच्या वूशी शहरातला ‘सनवे ताइहूलाइट’ जगातला सर्वांत वेगवान संगणक ठरला. चाचणीतला वेग सेकंदाला ९३ वर पंधरा शून्यं इतकी गणितं. परार्धाला सात टक्के कमी. कागदावरची कमाल क्षमता तर सव्वा परार्ध. आत ४०,९६० चिप, प्रत्येकीत २६० गाभे (कोअर), एकूण १ कोटी ६ लाख ४९ हजार ६००.

त्याच वर्षी फेब्रुवारीत कुंभकोणमला महामहम भरलं होतं. गुरू सिंह राशीत असताना बारा वर्षांनी येणारं हे स्नान, आपल्या नाशिकच्या सिंहस्थाचं दक्षिणेतलं भावंडच. समजा, तिथल्या महामहम तळ्याकाठी कुंभकोणमची सगळी माणसं (२०११ च्या जनगणनेत सुमारे १ लाख ४० हजार) पाटी घेऊन बसवली आणि प्रत्येकाने न झोपता सेकंदाला एक गणित सोडवलं. वूशीच्या यंत्राचं एका सेकंदाचं काम संपवायला त्यांना एकवीस हजार वर्षं लागतील. साडेसतराशे महामहमं.

यातली गंमत म्हणजे, या यंत्रामागे एक नकार आहे. २०१५ मध्ये अमेरिकेने चीनच्या महासंगणक केंद्रांना इंटेलच्या चिप विकायला बंदी केली. पुढच्याच वर्षी हे यंत्र उभं राहिलं, चीनमध्ये घडवलेल्या चिपवर. जून २०१६ च्याच, जगातल्या सर्वांत वेगवान संगणकांच्या ‘टॉप ५००’ यादीत चीनची यंत्रं १६७ आणि अमेरिकेची १६५.

पुढे तोच प्रकार कृत्रिम बुद्धिमत्तेत. सर्वांत ताकदवान चिप मिळत नसताना ‘डीपसीक’ या चिनी कंपनीने ६७,१०० कोटी पॅरामीटरचं मॉडेल बांधलं. शेवटच्या प्रशिक्षणाचा खर्च त्यांनी सांगितला सुमारे ५६ लाख डॉलर. आधीच्या प्रयोगांचा खर्च त्यात धरलेला नाही, हे त्यांनीच लिहिलंय; बातम्यांतून ते वाक्य गळलं. त्या धक्क्याने २७ जानेवारी २०२५ ला एनव्हिडिया या अमेरिकी चिप कंपनीचं बाजारमूल्य एका दिवसात सुमारे ५८,९०० कोटी डॉलरनी घसरलं. रुपयांत जवळजवळ ५१ लाख कोटी. पाचच दिवसांनी, १ फेब्रुवारीला, भारताचा अर्थसंकल्प मांडला गेला. सरकारचा वर्षभराचा एकूण खर्च: ५०.६५ लाख कोटी.

कारखान्यांची गोष्ट थोडक्यात. २०२४ मध्ये जगात ५ लाख ४२ हजार औद्योगिक यंत्रमानव बसवले गेले. त्यांतले २ लाख ९५ हजार एकट्या चीनमध्ये, भारतात नऊ हजारांच्या आसपास. पाटीचा अभिमान आपण जरूर बाळगावा, पण हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडून.

परार्ध आता जुना झाला. नोव्हेंबर २०२४ च्या यादीत अमेरिकेचा ‘एल कॅपिटन’ सेकंदाला सतरा परार्धांच्या पुढे गेला. चीनची सर्वांत मोठी नवी यंत्रं त्या यादीत शोधू नका. त्यांचे आकडे कळवणं चीनने केव्हाच बंद केलं आहे.