रुग्णालय बंद करण्याचेही नियम हवेत

डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या उल्लेखावाचून मराठी डॉक्टरांची स्मरणिका क्वचितच पुरी होत असेल. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथील वुमन्स मेडिकल कॉलेजातून त्यांनी पदवी घेतली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागावर त्यांची नियुक्ती झाली, आणि ते काम हाती घेण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. इतका इतिहास आपल्यापैकी बहुतेकांना मुखोद्गत आहे. त्यांच्या महाविद्यालयाचे पुढे काय झाले, याची विचारपूस मात्र फारशी होत नाही. ती कथा या लेखाच्या विषयाला थेट भिडणारी असल्याने तेथूनच आरंभ करतो.

स्त्रियांसाठी १८५० मध्ये स्थापन झालेले ते महाविद्यालय पुढे पुरुषांनाही खुले झाले व मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया या नावाने ओळखले जाऊ लागले. १९९० च्या दशकात त्याचे हानेमान या दुसऱ्या जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाशी विलीनीकरण झाले. हानेमानचा उगम १८४८ मधील होमिओपॅथिक महाविद्यालयात होता, हे त्याच्या नावावरूनच ध्यानी यावे. दोहोंची पालकसंस्था १९९८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. शिक्षणाची धुरा ड्रेक्सेल विद्यापीठाने उचलली आणि रुग्णालये एका नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीकडे गेली. आनंदीबाईंच्या महाविद्यालयाचा वारसा सांगणारे विद्यार्थी त्यानंतर ज्या मोठ्या रुग्णालयात रुग्ण तपासावयास शिकत, ते हानेमान विद्यापीठ रुग्णालय होय. फिलाडेल्फियाच्या मध्यवस्तीतील या रुग्णालयात ४९६ खाटांची परवानगी होती, आणि त्याचे बहुसंख्य रुग्ण सरकारी विम्यावर अवलंबून असलेले, गरीब व वृद्ध होते.

२०१८ च्या प्रारंभी हे रुग्णालय, सोबतच्या बालरुग्णालयासह, १७ कोटी डॉलरना एका गुंतवणूकदार समूहाने विकत घेतले. दीड वर्षही उलटले नसेल, तोच २६ जून २०१९ रोजी ते बंद करण्याची घोषणा झाली आणि आठवडाभरात दिवाळखोरीचा अर्ज न्यायालयात दाखल झाला. पेनसिल्व्हेनियाच्या नियमानुसार रुग्णालय बंद करण्यापूर्वी ९० दिवसांची सूचना द्यावी लागते. शासनाने तसे बजावलेही. परंतु रुग्णालय तारखेची वाट पाहत बसत नाही. घोषणा होताच परिचारिका दुसरीकडे नोकरी शोधू लागतात, तज्ज्ञ निघून जातात, आणि मग उरलेल्यांना रुग्ण सांभाळणे धोक्याचे होते. जाहीर केलेली तारीख ६ सप्टेंबर होती; प्रत्यक्षात जुलैच्या अखेरीस आंतररुग्ण विभाग रिकामा झाला आणि ऑगस्टच्या मध्यास तातडीच्या विभागाचेही दार लागले. सुमारे अडीच हजार कर्मचाऱ्यांची नोकरी गेली. साडेपाचशेहून अधिक निवासी डॉक्टर अर्ध्या प्रशिक्षणात रस्त्यावर आले. त्यांतील परदेशी डॉक्टरांना तर देशात राहण्याच्या परवान्याचीही चिंता होती. त्यांच्या प्रशिक्षणाच्या जागा दिवाळखोरी न्यायालयात लिलावास निघाल्या व साडेपाच कोटी डॉलरची बोलीही लागली. केंद्र शासनाने हरकत घेतल्यामुळे तो व्यवहार अडला. डॉक्टरांच्या शिक्षणाच्या जागा ही विकावयाची मालमत्ता आहे काय, हा प्रश्न त्या निमित्ताने प्रथमच इतक्या उघडपणे विचारला गेला.

या प्रकरणातील सर्वांत बोलकी गोष्ट पुढेच घडली. रुग्णालयाची जमीन व इमारती निराळ्या कंपन्यांच्या नावे ठेवलेल्या होत्या. दिवाळखोरी झाली ती रुग्णसेवा चालविणाऱ्या कंपनीची. मार्च २०२० मध्ये कोरोनाची साथ आली, तेव्हा शहराने ती रिकामी इमारत भाड्याने मागितली. मागितलेले भाडे व खर्च दरमहा दहा लाख डॉलरच्या घरात जात होता. महापौरांनी बोलणी थांबविली, आणि टेंपल विद्यापीठाने आपले क्रीडागृह विनामूल्य देऊ केल्यावर खाटा तेथे मांडल्या गेल्या. शहरात रुग्णालय उभे होते, रुग्ण मात्र खेळाच्या मैदानावर ठेवण्याची वेळ आली.

केवळ एका राज्याचा हा दोष म्हणावा, तर मॅसॅच्युसेट्सचे उदाहरण समोर आहे. तेथील नियम अधिक काटेकोर आहेत. अत्यावश्यक सेवा बंद करावयाची तर १२० दिवस आधी आरोग्य विभागास कळवावे लागते, जाहीर सुनावणी होते, आणि ती सेवा त्या भागासाठी आवश्यक आहे असे विभागाने ठरविल्यास रुग्णांची पर्यायी सोय कशी होईल याची योजना रुग्णालयाला सादर करावी लागते. मात्र बंद करण्यास मनाई करण्याचा अधिकार विभागाला नाही. स्टुअर्ड हेल्थ केअर या कंपनीने २०१६ मध्ये आपल्या तेथील रुग्णालयांच्या जागा एका गुंतवणूक-न्यासाला विकून त्याच भाड्याने घेतल्या होत्या. मे २०२४ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. २६ जुलै रोजी कार्नी व नशोबा व्हॅली ही दोन रुग्णालये बंद करण्याचे जाहीर झाले आणि ३१ ऑगस्टला ती बंदही झाली. १२० दिवसांच्या नियमाचे ३६ दिवस झाले. या अनुभवानंतर जानेवारी २०२५ मध्ये तेथे नवा कायदा झाला व मुख्य जागा अशा न्यासाकडून भाड्याने घेणाऱ्या रुग्णालयाला यापुढे परवाना मिळू नये अशी तरतूद त्यात आली. म्हणजे रुग्णालयाच्या मरणाचे कारण त्याच्या जमिनीच्या कागदांत दडलेले असते, हे शासनाच्या लक्षात यावयास दोन रुग्णालये जावी लागली.

आता आपल्याकडे पाहू. दहा खाटांचे शुश्रूषागृह काढावयाचे झाले तरी नोंदणी, अग्निशमन दलाचा दाखला, जैववैद्यकीय कचऱ्याची परवानगी, सोनोग्राफी यंत्राची नोंद, औषध दुकानाचा परवाना अशी कागदांची माळ गळ्यात पडते, हे आपणा सर्वांच्या अनुभवाचे आहे. दार लावताना मात्र कोणी फारसे विचारीत नाही. केंद्राच्या २०१० च्या क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायद्याचे कलम २० पाहावे. आस्थापना बंद झाल्यास नोंदणीचे प्रमाणपत्र परत करावे, इतकेच ते सांगते. किती दिवस आधी कळवावे, दाखल रुग्णांचे काय करावे, गावात दुसरी सोय आहे की नाही, याविषयी तेथे मौन आहे. याउलट १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याखाली शंभर वा अधिक कामगारांचा कारखाना बंद करण्यापूर्वी ९० दिवस आधी शासनाकडे अनुमती मागावी लागे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने ही मर्यादा ३०० कामगारांवर नेली. परंतु तत्त्व कायम राहिले. सूतगिरणी बंद होताना शासनाला विचारावे लागते, प्रसूतिगृह बंद होताना शेजाऱ्यालाही विचारावे लागत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या परमानंद कटारा प्रकरणात अपघातग्रस्तावर तत्काळ उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य ठरविले. १९९६ मध्ये पश्चिम बंगालच्या खेतमजूर समितीच्या प्रकरणात, शासकीय रुग्णालयात वेळेवर उपचार न मिळणे हा जगण्याच्या हक्काचा भंग होय, असेही सांगितले. दारी आलेल्या रुग्णाविषयीचे आपले कर्तव्य असे निश्चित झाले आहे. दारच नाहीसे झाले तर त्या कर्तव्याचे काय होते, हा प्रश्न अद्याप कोणी नीट विचारलेला नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुवर्णसौधात अधिवेशन भरले असता खासगी वैद्यकीय आस्थापनांच्या दुरुस्ती विधेयकाविरुद्ध राज्यभरातील हजारो डॉक्टर आपल्या बेळगावात जमले होते. त्या मेळाव्यात मीही होतो. वाद गाजला तो दर, शिक्षा आणि तक्रार-निवारण समित्या यांवर. काही तरतुदी सौम्य होऊन विधेयक संमत झाले व आपण घरी परतलो. बंद होणाऱ्या रुग्णालयांविषयी त्या दिवसांत मी कोणाच्या तोंडून अवाक्षर ऐकले नाही, आणि मी स्वतःही काढले नाही.

त्याचे कारण मला आज ठाऊक आहे. त्याआधी काही वर्षे मी स्वतःच एक रुग्णालय बंद केले होते. तालुक्याच्या गावी मी व माझी पत्नी मिळून वीस वर्षे दहा खाटांचे प्रसूतिगृह व शस्त्रक्रियागृह चालवीत होतो. शहरातून येणारे भूलतज्ज्ञ वयोमानाने रात्री येईनासे झाले, हाताशी तयार झालेल्या दोन परिचारिका मोठ्या रुग्णालयात गेल्या, आणि मुलाने गावी यावयाचे नाही असे ठरविले. आम्ही थकलो होतो. दारावर एक कागद लावला आणि महिन्याभराने कुलूप घातले. कायद्याने यात काही वावगे नव्हते.

पहिल्या खेपेस आमच्याकडेच सिझेरियन झालेली एक बाई दुसऱ्या खेपेसही आमच्याकडे नाव घालून गेली होती. शेवटचे दोन महिने ती तपासणीस आली नाही; त्यामुळे दारावरचा कागद तिने पाहिला नव्हता. एका रात्री कळा सुरू झाल्यावर घरची मंडळी तिला घेऊन आली ती आमच्या कुलपापुढे. तेथून जीपने शहर गाठेपर्यंत उशीर झाला. बाई वाचली, मूल गेले. पुढे काही महिन्यांनी तिची सासू जुने कागद मागावयास आमच्या घरी आली. ती भांडली नाही. कागद पदरात बांधता बांधता एवढेच म्हणाली, "डॉक्टरसाहेब, एक निरोप तरी धाडायचा होता." तिच्या सुनेचे कार्ड, पत्त्यासह, माझ्या कपाटात होते. नाव घातलेल्या बायकांची यादी काढून निरोप पाठविण्यास मला एक दुपार पुरली असती.

म्हणून नियमांविषयी लिहिताना मी मालकांच्या बाजूनेही बोलू शकतो. तोट्यातील रुग्णालय आयुष्यभर चालविण्याची सक्ती कोणावरही करता येणार नाही. तसा कायदा झालाच, तर लहान गावी नवे रुग्णालय काढण्यास कोणी धजणार नाही. सक्ती चालू ठेवण्याची नको, व्यवस्थित बंद करण्याची हवी. त्यासाठी पुढील गोष्टी मला आवश्यक वाटतात.

पहिली, पूर्वसूचना. लहान शुश्रूषागृहाने तीन महिने आणि मोठ्या रुग्णालयाने सहा महिने आधी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यास लेखी कळवावे. दारावरच्या कागदाने भागू नये. नाव घातलेल्या गरोदर स्त्रिया, डायलिसिसचे व कर्करोगाचे रुग्ण यांना व्यक्तिशः निरोप जावा व पुढे कोठे जावे हेही सांगितले जावे. दुसरी, आवश्यकतेची तपासणी. त्या परिसरातील प्रसूती, अपघात वा नवजात शिशूंच्या सेवेची ती एकमेव जागा असल्यास, सूचनेच्या मुदतीत पर्याय उभा करण्याची जबाबदारी शासनाने घ्यावी. इमारत भाड्याने घ्यावी, डॉक्टर नेमावेत किंवा रुग्णवाहिका ठेवावी. तिसरी, नियमाला धार. हानेमान व स्टुअर्ड येथे मुदत होती, पण मुदतीपर्यंत सेवा चालविण्यास पैसा नव्हता. मोठ्या कंपन्यांकडून परवान्याच्या वेळीच अनामत घ्यावी, म्हणजे अखेरच्या महिन्यांत परिचारिकांचे वेतन थकणार नाही. चौथी, जमिनीचा हिशेब. शासनाने सवलतीत दिलेल्या किंवा धर्मादाय न्यासाच्या भूखंडावरील रुग्णालय बंद झाल्यास ती जागा प्रथम आरोग्यसेवेसाठीच देऊ केली जावी. पाचवी, कागदपत्रे. २००२ च्या आचारसंहितेनुसार दाखल रुग्णांची कागदपत्रे तीन वर्षे जपावी लागतात. ती कोणाच्या ताब्यात राहतील, हे बंद करतानाच जाहीर व्हावे.

हे कायदे होतील तेव्हा होतील. तोवर आपल्या मंडळाला एक गोष्ट आजच करता येईल. ज्या सभासदाच्या मनात रुग्णालय बंद करण्याचा विचार असेल, त्याने तो सहा महिने आधी मंडळास कळवावा. मंडळाने एक वही ठेवावी. कोणा तरुण डॉक्टरला ती जागा चालवावयाची असेल, कोणी आठवड्यातून दोन दिवस जाण्यास तयार असेल, तर गाठ घालून द्यावी. यातले काहीच न जमल्यास रुग्णांची यादी शेजारच्या सहकाऱ्याकडे सोपवावी. वहीतल्या पहिल्या पानावर, उशिराने का होईना, माझ्या रुग्णालयाची नोंद करण्यास मी तयार आहे.

आनंदीबाई ज्या रुग्णालयात रुजू व्हावयाच्या होत्या, ते आपल्यापासून सुमारे ११० किलोमीटरवर कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय या नावाने आजही उभे आहे. त्याच्या गर्दीविषयी आपण अनेकदा तक्रार करतो. त्या गर्दीतील प्रत्येकाला आपले दार कोठे आहे आणि ते उघडे आहे, एवढे मात्र ठाऊक असते. आपल्या रुग्णांनाही तेवढे ठाऊक असावे, ही आपली जबाबदारी आहे.