जुन्या जीपला नवा कार्ब्युरेटर

जुनी मोटार घरात ठेवणे हा शौक की अडगळ, याविषयी एकत्र कुटुंबात क्वचितच एकमत होते. आमच्या अकोटच्या घरी १९६४ सालची महिंद्र जीप आहे. वडीलमंडळींच्या काळी तिने कपाशीच्या गाठोड्यांपासून लग्नाच्या पाहुण्यांपर्यंत सर्व काही वाहिले. आता ती महिन्यातून चार-दोन वेळा बाहेर पडते. तिच्यावरील कार्टर बनावटीचा कार्ब्युरेटर झिजून निकामी झाला, तेव्हा घरात तीन मते पुढे आली. जीप भंगारात द्यावी, हे एक. तिच्यात डिझेल इंजिन बसवावे, हे दुसरे. आणि असंख्य जुन्या जीपांचे तसे झालेलेही आहे. बाजारात मिळणारा सोलेक्स जातीचा कार्ब्युरेटर बसवून मूळचे इंजिन राखावे, हे तिसरे. तिसरे मान्य झाले, आणि ते योग्यच झाले असे आमचे मत आहे. मात्र हे काम वरवर दिसते तितके सोपे नव्हे.

महिंद्रांची संस्था १९४५ साली निघाली आणि १९४७ पासून मुंबईत जीपगाड्यांची जुळणी होऊ लागली. आमच्या गाडीचा नमुना विलीज कंपनीने अमेरिकेत १९५३ ते १९६८ पर्यंत काढला. त्यातील सुमारे २.२ लिटरच्या ‘हरिकेन’ इंजिनाचा एक विशेष आहे. हवा आत घेणाऱ्या झडपा वरच्या डोक्यात, तर धूर बाहेर टाकणाऱ्या झडपा खाली ठोकळ्यात. आणि हवेचा मार्ग, म्हणजे मॅनिफोल्ड, त्या डोक्याच्याच ओतकामात सामावलेला. त्यामुळे कार्ब्युरेटर थेट तापलेल्या लोखंडावर बसतो. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा पेट्रोल वाटीतच उकळू लागते. म्हणून नवा कार्ब्युरेटर बसविताना त्याच्या बुडाशी उष्णता अडविणारी बेकलाइटची जाड चकती घालणे आमच्या प्रांती ऐच्छिक समजू नये.

ज्यांनी स्टोव्ह पेटविला आहे त्यांना कार्ब्युरेटर समजावयास कठीण जाऊ नये. स्टोव्हच्या तोटीचे भोक जसे मोजके असावे लागते, तसेच येथील जेटचे. फरक एवढाच, की स्टोव्हमध्ये तेल पंपाच्या दाबाने वर येते, येथे ते ओढले जाते. नळीची मान अरुंद केली असता तेथून जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो व दाब घटतो, आणि त्या घटलेल्या दाबामुळे पेट्रोलचा फवारा वर येतो. वजनाने सुमारे १४.७ भाग हवेस एक भाग पेट्रोल हे प्रमाण. म्हणजे एका लिटर पेट्रोलमागे जवळजवळ नऊ हजार लिटर हवा! एवढी हवा मोजून आत सोडावयाची, तर न मोजलेल्या हवेची एखादी बारीक फटसुद्धा हिशेब बिघडविते. मिश्रण विरळ होते, इंजिन तापते, आणि पुढे धुराच्या झडपा जळतात.

खरी गुंतागुंत आहे ती निर्वाताच्या नळ्यांची. कारागिरांच्या बोलीत ‘व्हॅक्यूम’ची. पायाखालची कळ सोडली म्हणजे थ्रॉटलची चकती मिटते, आणि तिच्याखाली इंजिन जोराने हवा ओढू पाहते. तेथे निर्वात सर्वांत तीव्र असतो. कळ पुरती दाबली की तो जवळजवळ नाहीसा होतो. चकतीच्या किंचित वर जे छिद्र असते त्याचे वर्तन याच्या उलट: चकती मिटलेली असता तेथे निर्वात मुळीच नसतो, ती थोडी उघडली म्हणजे येतो. बाजारी कार्ब्युरेटरला ही दोन्ही तोंडे असतात, बाहेरून सारखीच दिसतात, आणि कोणत्या तोंडाला काय जोडावे हे त्यांवर लिहिलेले नसते.

आमच्या जीपचे वायपर विजेवर नव्हे, निर्वातावर चालतात. मूळच्या पेट्रोलपंपात चढावर वायपर थांबू नयेत म्हणून निर्वात निर्माण करणारा दुसरा पडदाही असे. पण तो पंप पूर्वीच बदललेला असल्याने सारा भार मॅनिफोल्डवर होता. ज्या कारागिराने नवा कार्ब्युरेटर बसविला, त्याने वायपरची नळी चकतीच्या वरच्या तोंडाला लावून दिली. गावात काही जाणवले नाही. पावसाळ्यात चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे घाट उतरताना मात्र वायपर जागच्या जागी थबकले. समोर धुके, काचेवर धारा, आणि एका अंगाला दरी. आमच्या थोरल्या बंधूंनी हात बाहेर काढून काच पुशीत गाडी कडेला घेतली. “चढताना हे चालत होते, मग उतरतानाच कसे बंद पडतात?” असे काकूंनी मागून विचारले, आणि दोषाचा उलगडा त्या प्रश्नातच होता. उतारावर पाय कळेवरून निघतो. योग्य जोडणीत वायपरांनी त्याच वेळी सर्वांत जलद फिरावयास हवे. ते थांबतात, त्याअर्थी नळी चकतीच्या वरून घेतली आहे.

वायपर, क्रॅंककेसमधील वाफा ओढून घेणारी झडपेची नळी, आणि कोणी मागाहून ब्रेकला मदतीचा सर्वो बसविला असल्यास तोही, या सर्वांस मॅनिफोल्डचाच निर्वात पाहिजे. पैकी ब्रेकच्या नळीत एकमार्गी झडप असलीच पाहिजे आणि तिच्यात दुसरा फाटा काढू नये. वाफांच्या नळीतील झडप काढून साधी नळी जोडणे ही सर्रास दिसणारी खोड आहे. तिने इंजिन मंदगतीवर अडखळते. चकतीच्या वरचे तोंड ठिणगीची वेळ पुढे सरकविणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरसाठी असते. आमच्या जीपच्या डिस्ट्रिब्यूटरला तसा पडदाच नाही, तेव्हा ते तोंड रबरी टोपीने बंद करावयाचे.

कामाची परीक्षा व्हॅक्यूमच्या मापकाने होते. इंजिन गरम होऊन मंदगतीवर चालत असता काटा १८ ते २१ इंचांवर स्थिर राहावा. तो खाली पण स्थिर असेल तर कोठे तरी गळती आहे किंवा ठिणगी उशिरा पडते आहे. ठराविक ठेक्याने दचकत असेल तर झडपेकडे पाहावे. गळती शोधण्यास पिचकारीने सांध्यांवर थोडे थोडे पाणी सोडावे. पाण्याने फट क्षणभर बुजते आणि इंजिनाचा सूर बदलतो. चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे, आणि दर हजार फुटांमागे काटा अदमासे एक इंच उतरतो. तेथे जाऊन स्क्रू पिळीत बसणे व्यर्थ होय.

आणखी एक गोष्ट अलीकडची आहे. आता पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. त्याने मिश्रण थोडे विरळ होते, म्हणून मुख्य जेट एक पायरी मोठा घ्यावा लागतो. जुने रबरही त्याने फुगते व चिरते. नव्या कार्ब्युरेटरबरोबर टाकीपासून पुढच्या सर्व रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या जातीच्या घ्याव्यात. तापल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकणे म्हणजे आगीस आमंत्रण. थ्रॉटल मिटविणारी स्प्रिंग गाडी सुरू करण्यापूर्वी हाताने तपासावी, आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर, इंजिन निवल्यावर, बुडाचे नट पुन्हा एकवार आवळावेत.