द्रवाचे अंतरंग शोधणारा बर्नाल

पेल्यातल्या पाण्यात रेणू कसे मांडलेले असतात? स्फटिकात अणू कवायतीच्या रांगांप्रमाणे उभे असतात, वायूत ते सैरावैरा धावतात. द्रव मात्र घनासारखा दाट असतो, तरीही वाहतो. हे कसे? या कोड्याने जॉन डेस्मंड बर्नाल या शास्त्रज्ञाला आयुष्यभर सोडले नाही.

बर्नाल यांचा जन्म १९०१ साली आयर्लंडमधील नीना या गावी झाला. केंब्रिजमध्ये शिक्षण घेऊन ते लंडनला विल्यम ब्रॅग यांच्याकडे क्ष-किरणांनी स्फटिकांचा अभ्यास करू लागले. १९३३ मध्ये फाउलर यांच्यासह त्यांनी मांडले की, पाण्यातही प्रत्येक रेणूभोवती साधारण चार शेजारी असतात. पुढच्याच वर्षी डोरोथी क्रोफूट यांच्यासोबत त्यांनी पेप्सिन या प्रथिनाच्या ओल्या स्फटिकाचे क्ष-किरणचित्र मिळवले. डोरोथी क्रोफूट-हॉजकिन आणि मॅक्स पेरुट्झ या त्यांच्या शिष्यांना पुढे नोबेल मिळाले; बर्नाल यांना ते कधीच लाभले नाही.

पन्नाशी उलटल्यावर ते पुन्हा द्रवाकडे वळले. लंडनच्या बर्कबेक कॉलेजातल्या आपल्या खोलीत ते चेंडू आणि काड्या जोडत बसत. लोकांची सारखी ये-जा असे, दर पाच मिनिटांनी काम तुटे आणि आधी काय जोडले ते आठवत नसे. त्यांना हेच हवे होते. कारण मांडणी ठरवून केलेली नसावी, अशीच त्यांची अट होती. पुढे त्यांनी पोलादी छर्रे गच्च भरून त्यांत रंग ओतला आणि सुकल्यावर कोणता छर्रा कितींना टेकला होता, हे डागांवरून मोजले.

निष्कर्ष काय निघाला? शिस्तीत रचलेले गोळे ७४ टक्के जागा व्यापतात. अस्ताव्यस्त गोळे, कितीही दाबून बसवले तरी, सुमारे ६४ टक्केच. शिवाय या रचनेत पंचकोन जागोजागी आढळले. सारख्या बाजू आणि सारखे कोन असलेल्या पंचकोनी फरश्यांनी जमीन फटी न ठेवता भरता येत नाही. तसेच इथेही आहे: ही जुळणी स्फटिकासारखी दूरवर पसरू शकत नाही. म्हणजे द्रव हा मोडका स्फटिक नव्हे; त्याची घडण मुळातच वेगळी आहे. पाण्याची गोष्ट अधिक गुंतागुंतीची खरी, पण आर्गॉनसारख्या साध्या द्रवांचे चित्र यातून स्पष्ट झाले.

१९६३ मध्ये बर्नाल यांना पक्षाघाताचा झटका आला. शरीर साथ सोडत असताना जॉन फिनी या विद्यार्थ्याने ही मोजणी पुढे नेऊन १९७० मध्ये ती अधिक अचूक केली. १९७१ मध्ये बर्नाल गेले. पण काचेसारखे अस्फटिकी धातू समजून घेताना अभ्यासकांना त्यांच्या छर्‍यांच्या त्या ढिगाकडे वळावेच लागले.