जिताड्याची पिल्ले आणि स्वजातिभक्षण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सिडकोने 1970 नंतर ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ज्या गावांच्या जमिनीवर नवी मुंबई वसवली, त्या गावांच्या भोवती मिठागरे, खाजणे आणि खारबंदिस्तीतील भातखाचरे होती, आणि पावसाळ्यात भरतीच्या पाण्याबरोबर उघाडीतून आत शिरणारी जिताड्याची पिल्ले धरून ती तळ्यात वाढवण्याची रीत या खारपट्ट्यात, तसेच पुढे पेण-अलिबागपर्यंत, जुनीच आहे. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संशोधन संस्थेने 1997 मध्ये या माशाचे बंदिस्त प्रजनन साधल्यानंतर उबवणी केंद्रातील बीज मिळू लागले, आणि महाराष्ट्र शासनाच्या 2017 च्या कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजनेतून जिताडा खाडीतील पिंजऱ्यांतही आला. मात्र हजारो पिल्ले एका टाकीत किंवा हाप्यात, म्हणजे पाण्यात ताणून बांधलेल्या बारीक जाळीच्या पेटीत, एकत्र ठेवली की त्यांची संख्या झपाट्याने घटते. या घटीचे एक मोठे कारण स्वजातिभक्षण, म्हणजे एकाच जातीच्या प्राण्याने दुसऱ्याला खाणे, हे असते आणि त्याविषयी अनेक चुकीच्या समजुती रूढ आहेत.

गैरसमज 1 : पिल्ले उपाशी राहिली तरच एकमेकांना खातात.

वस्तुस्थिती : उपासमारीने स्वजातिभक्षण वाढते हे खरे असले, तरी त्याचे मूळ आकारातील तफावतीत आहे. एकाच दिवशी उबलेल्या पिल्लांपैकी काही भराभर वाढतात आणि त्यांचा जबडा शेजारच्या पिल्लाला सामावून घेण्याइतका रुंद होतो. जिताड्याचे लहान पिल्लू स्वतःच्या लांबीच्या सुमारे 60 ते 67 टक्के लांबीचे भक्ष्य गिळू शकते, असे प्रयोगांत आढळले आहे. म्हणजेच 30 मिलिमीटरचे पिल्लू 18 ते 20 मिलिमीटरचे भावंड सहज गिळते, पण 25 मिलिमीटरचे भावंड त्याच्या तोंडात मावत नाही. खाणारे पिल्लू अधिक वाढते, त्यामुळे तफावत आणखी रुंदावते आणि काल जे सुरक्षित होते ते आज भक्ष्य ठरते. ही तफावत नर-मादीच्या भेदातूनही येत नाही, कारण जिताडा बहुधा आधी नर म्हणून प्रौढ होतो आणि काही वर्षांनी मादी बनतो.

गैरसमज 2 : ही मोठ्या माशांची खोड आहे, इवली पिल्ले निरुपद्रवी असतात.

वस्तुस्थिती : जिताड्यात स्वजातिभक्षणाचा जोर सुमारे 1 ते 20 सेंटिमीटर लांबीच्या काळात, म्हणजे संगोपनाच्या पहिल्या दोन महिन्यांत, सर्वाधिक असतो आणि पुढे तो ओसरतो. मांसाहारी माशांच्या पिल्लांत त्याचे दोन प्रकार दिसतात. अगदी लहान वयात तोंड पुरेसे उघडत नसल्याने हल्लेखोर दुसऱ्याची शेपटी पकडून शरीराचा काही भागच गिळतो आणि डोके टाकून देतो. जबडा रुंदावल्यावर मात्र तो अख्खे पिल्लूच गिळतो. भक्ष्याचा अंदाज चुकला तर ते घशात अडकून दोन्ही पिल्ले मरतात, आणि टाकी साफ करताना एकाच्या तोंडातून दुसऱ्याची शेपटी बाहेर आलेली जोडी हाती लागते.

गैरसमज 3 : मेलेले मासे तरंगताना दिसले नाहीत, तेव्हा पिल्ले चोरीला गेली किंवा बगळ्यांनी नेली.

वस्तुस्थिती : पक्ष्यांमुळे नुकसान होतेच, पण अख्खे गिळलेले पिल्लू मागे काहीच ठेवत नाही, आणि जाळीने झाकलेल्या टाकीतही संख्या घटते ती याच कारणाने. सोडलेल्या पिल्लांच्या संख्येतून जिवंत आणि मृत आढळलेली पिल्ले वजा केल्यावर जी तूट उरते, तिचा बराच भाग स्वजातिभक्षणाचा असू शकतो. म्हणून मेलेली पिल्ले मोजून नुकसानीचा अंदाज बांधणे फसवे ठरते.

गैरसमज 4 : भरपूर खाद्य टाकले की प्रश्न मिटतो.

वस्तुस्थिती : खाद्याच्या एकूण प्रमाणाइतकेच त्याचे आकारमान, वेळ आणि वाटप महत्त्वाचे असते. तोंड उघडल्यावर पिल्लांना आधी रोटिफर हे सूक्ष्म जलजीव, नंतर आर्टिमिया या मिठागरी कोळंबीची नुकती उबलेली पिल्ले दिली जातात आणि पुढे हळूहळू गोळीखाद्याची सवय लावली जाते. गोळी मोठी असेल किंवा खाद्य एकाच कोपऱ्यात पडत असेल, तर दांडगी पिल्ले ते पटकावतात, मागे राहिलेली खुजी राहतात आणि तफावत वाढते. उरलेले खाद्य कुजून पाण्यात अमोनिया वाढतो, तो तोटा वेगळाच. त्यामुळे दिवसातून अनेकदा, थोडे थोडे आणि सर्वत्र पसरून खाद्य देणे श्रेयस्कर असते. मुख्य उपाय मात्र प्रतवारीचा, म्हणजे पिल्ले आकारानुसार वेगळी करण्याचा आहे : ठरावीक छिद्रांच्या चाळणीतून लहान पिल्ले निसटतात, मोठी मागे राहतात आणि दोन्ही गट वेगळ्या टाक्यांत जातात. सुरुवातीच्या आठवड्यांत ही प्रतवारी दर काही दिवसांनी करावी लागते.

गैरसमज 5 : तळ्यात सोडलेली सगळीच पिल्ले एकमेकांना खातात.

वस्तुस्थिती : कटला, रोहू आणि मृगळ यांच्या जबड्यांत दात नसतात, अन्न भरडणारे दात त्यांच्या घशात असतात. कटला पृष्ठभागाजवळील प्लवंग, रोहू मधल्या थरातील अन्न आणि मृगळ तळाचा सेंद्रिय गाळ खातो. त्यांचे जिरे, म्हणजे नुकतीच उबलेली पिल्ले, नाहीशी होतात तेव्हा दोष बहुधा पाणकिड्यांचा किंवा तळ्यात आधीपासून असलेल्या भक्षक माशांचा असतो. म्हणूनच जिरे सोडण्यापूर्वी भक्षक मासे काढले जातात आणि पाण्यावर साबण-तेलाच्या मिश्रणाचा पातळ थर दिला जातो, ज्यामुळे हवेसाठी वर येणारे पाणकिडे गुदमरतात. याउलट मरळ आणि मागूर यांच्या पिल्लांत स्वजातिभक्षण आढळते आणि त्यांनाही प्रतवारी लागते.

गैरसमज 6 : मासे स्वतःचीच पिल्ले ओळखून खातात, म्हणजे ते क्रूर असतात.

वस्तुस्थिती : जिताड्याची मादी खाडीच्या मुखाजवळ लाखो अंडी पाण्यात सोडून देते, पिल्ले कांदळवनांकडे आणि निमखाऱ्या पाण्याकडे सरकतात आणि आईबापांचा त्यांच्याशी काहीही संबंध राहत नाही. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात ज्याची पैदास केली जाते, तो क्लाऊनफिश मात्र अंडी राखतो : नर परांनी वारा घालून त्यांना प्राणवायू पुरवतो आणि मृत अंडी खाऊन टाकतो, ज्यामुळे बुरशी उरलेल्या अंड्यांत पसरत नाही. मरळीची जोडी तर पिल्लांच्या थव्याची राखण करते. स्वजातिभक्षणाला क्रौर्य म्हणणे म्हणजे माणसाच्या नीतीचा निकष जिथे लागू होत नाही तिथे लावणे होय.

गैरसमज 7 : भावंडांवर वाढलेला मासा खाण्यास अयोग्य असतो.

वस्तुस्थिती : खाडीतला जिताडा कोळंबी, खेकडे आणि लहान मासे खाऊनच वाढतो, गिळलेले पिल्लू स्वजातीचे असले म्हणून त्याच्या मांसात वेगळेपण येत नाही. खाण्यायोग्यता ठरते ती पाण्याच्या स्वच्छतेवर आणि माशाच्या ताजेपणावर.

या साऱ्याचा व्यावहारिक निष्कर्ष असा, की बीज घेताना दरापेक्षा आकारातील एकसारखेपणा आधी पाहावा. सर्वांत लहान पिल्लू सर्वांत मोठ्याच्या दोन-तृतीयांशाहून स्पष्टपणे लांब नसेल, तर पिशवीत मोजून घेतलेली सगळी पिल्ले पहिल्या प्रतवारीपर्यंत टिकतील असे गृहीत धरता येत नाही, आणि स्वस्तात मिळालेले लहानमोठे बीज पालकाला शेवटी महागच पडते.