आधी कोणी थांबायचं?

तानसा धरण १८९२ सालचं. त्याचं पाणी मोठमोठ्या नळांतून मुंबईला जातं. पण भोवतालच्या पाड्यांकडे जाणारे रस्ते बरेचसे एका गाडीपुरतेच. समोरून जीप आली की प्रश्न पडतो, मागे कोणी घ्यायची?

चढावर उत्तर सोपं आहे. उतरणाऱ्यानं थांबावं, असं १९८९ च्या नियमावलीतच लिहिलं होतं. चढणारी गाडी थांबली की तिचा जोर मोडतो, पुन्हा उचलताना ती मागे घसरते. उतरणाऱ्याला ब्रेक सोडला की पुरे. सपाटीवर बैलगाडी आली तर मोटारीनंच मागे जावं. बैलांना रिव्हर्स गिअर नसतो. पावसाळ्यात मात्र कडेच्या हिरव्या गवतावर भुलू नये. खाली माती भुसभुशीत असते, चाक रुतलं की दोघांचीही वाट बंद.

माझा भाचा स्कॉटलंडात गाडी चालवतो. तिथल्या डोंगराळ भागात एकेरी रस्त्यांना ठिकठिकाणी फुगवटे ठेवलेले आहेत. फुगवटा डावीकडे असेल तर आपण त्यात शिरायचं, उजवीकडे असेल तर त्यासमोर थांबून समोरच्याला शिरू द्यायचं. मग हात वर करून आभार.

आपल्याकडे फलक नाहीत. आंब्याखालची मोकळी जागा, शाळेपुढचं मैदान, असा नकाशा जीपवाल्यांच्या डोक्यात असतो. अडलेल्या बाईला रात्री शहापूरला न्यायचं, तेव्हा त्याचीच भिस्त. गाड्या एकमेकींना घासून जाताना काच खाली होते.

“मागं कोण हाय का?”

“टेंपो येतोय. आंब्यापाशी थांबा.”